अर्धा सूर चढा

नसीम, गेलीस ना पुढे. नेहमीसारखीच. मी मागे बसून तंबोऱ्याच्या खुंट्या पिळायच्या आणि तू उठून पुढे जायचंस, असंच आपलं आयुष्यभर चाललं. पण या वेळी तरी मला विचारायचं होतंस. वयानं मी तुझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी. नंबर माझा होता.

मंगळवारी सकाळी ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात, शाळेच्या व्हरांड्यात प्रार्थनेसाठी पेटी उघडत होते. "मावशी, बाई गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तुझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, तुझ्या आजारपणात गाण्याचं विद्यालय सांभाळणारी, एरवी दगडासारखी पोरगी ती. मी रडले नाही. खरं सांगू? पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की माझी बातमी सांगताना असं कोण रडेल? शाळेतल्या मुली मला 'प्रार्थनेच्या बाई' म्हणतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले की त्यांना दुसऱ्या प्रार्थनेच्या बाई मिळतील. तुझ्या जाण्याच्या पहिल्या मिनिटाला मी तुझा हेवा केला. लाज वाटली, पण आलं ते आलं. तुझ्याशी आता खोटं बोलून मला काय मिळवायचंय?

बारामतीला पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर तुला नेलं होतं. तुझ्या दारात पायऱ्यांवर, ओट्यावर, समोरच्या पत्र्याच्या सावलीत मुलीच मुली बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला जागा करून दिली आणि विचारलं, "तुमी कोन बाईंच्या?" मैत्रीण म्हणावं तर आपण शेवटची दहा वर्षं वर्षातून दोनदाच भेटायचो आणि दोन्ही वेळा भांडायचो. मी म्हटलं, "मी तंबोरा लावते." तर ती पोरगी ताडकन उभी राहिली आणि माझ्या पाया पडली. तेव्हा मला काही कळलं नाही. वाटलं, दुःखात माणसं काहीही करतात.

तुला भोंग्याचा दिवस आठवतो का? मला तो विसरता येत नाही, कारण माझं पोट तेव्हापासून दुखतंय. सगळ्या जगाच्या शाळांचे प्रवेश जूनमध्ये, आपल्या विद्यालयाचे मात्र दिवाळीनंतर, साखर कारखाना सुरू झाल्यावर. आपल्या गुरूंना, आबांना, नवीन मुलं घ्यायला कारखान्याचा भोंगा लागायचा. सकाळी आठचा भोंगा झाला की समोर उभ्या केलेल्या पोरानं तो सूर गळ्यातून काढून दाखवायचा, एवढीच परीक्षा. वारा उलट असेल तर परीक्षा उद्यावर. कऱ्हाटीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मिरजेला गाणं शिकून आला, येताना एसटीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून दोन तंबोरे घेऊन आला आणि बी-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर त्यानं गाण्याचा क्लास काढला, तेव्हा लोक हसले होते म्हणे. आपण गेलो तोवर विद्यालय कालव्याकाठच्या जागेत आलं होतं. शहाबादी फरशीचा एक हॉल, मागे बाहेरगावच्या मुलींची पत्र्याची खोली, दारात शेवगा.

तुझ्या आदल्या दिवशी मी उभी राहिले. भोंगा झाला, मी सूर दिला, आणि शहाणपणानं वर म्हटलं, "आज कालच्यापेक्षा जरासा चढा आहे." आबांनी मान डोलावली. "हिचा कान बघा," म्हणाले. मी फुगले. दुसऱ्या दिवशी तू आलीस, तुझ्या अब्बांच्या सायकलवर मागे बसून. ते ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे आणि त्यांच्या सदऱ्याला ॲसिडनं पडलेली भोकं होती. भोंगा झाला आणि तू नुसता 'आ' लावलास. त्यांनी डोळे मिटले. माझ्या वेळी मान डोलली आणि तुझ्या वेळी डोळे मिटले, हा फरक मला सतराव्या वर्षी समजला. तो समजला नसता तर बरं झालं असतं.

अब्बा जाताना मला म्हणाले, "पोरी, तू हितंच ऱ्हातीस नव्हं? हिच्याकडं जरा ध्यान ठिव. लई बुजरी हाय." मी ध्यान ठेवलं. इतकं ठेवलं की तुझ्या गाण्यातली एकेक हरकत मला आजही पाठ आहे.

मी त्या पत्र्याच्या खोलीत चार वर्षं काढली. पहाटे उठून खर्जाचा रियाज, मग आंघोळीच्या नंबरावरून भांडणं, मग दारातला शेवगा सरेपर्यंत शेंगांची आमटी. तू गावातली, तुझं सगळं घरी. सहाला यायचीस, डब्यात कधी खिमा, कधी शेवया. आमटी खाऊन गाणारीपेक्षा खिमा खाऊन गाणारीचा आवाज चांगलाच लागणार, असं मी बाकीच्या मुलींना सांगायचे. तू ते ऐकलंस आणि दुसऱ्या दिवसापासून डबा दुप्पट आणायला लागलीस. मग मी तुझा खिमा खाल्ला आणि माझा आवाज होता तिथेच राहिला. तुझ्यावर रागवायला तू मला कधी धड कारणसुद्धा दिलं नाहीस.

आणि आबांचा तो नियम. जो तंबोरा लावेल तो शेवटी गाईल. "ज्यानं सूर लावला त्यानं आदी सगळ्यांचं ऐकायचं, मग आपलं म्हनायचं," असं ते सांगायचे. ऐकायला किती छान. कान माझा, म्हणून तंबोरा रोज माझ्याकडे. तंबोरा माझ्याकडे, म्हणून मी रोज शेवटी. दर महिन्याच्या बैठकीत तू पहिली किंवा दुसरी, हॉल भरलेला, दारात चपलांचा ढीग. माझी पाळी येईपर्यंत कुणाची धार काढायची वेळ झालेली, कुणाची गाडी निघायची झालेली. मी डोळे मिटून आलाप करायचे आणि डोळे उघडले की समोर तू, अब्बा आणि सतरंजी. तू कायम थांबायचीस. दाद द्यायचीस. ती दाद मला नको असायची.

पळसदेवचा दिवस तरी माझा व्हायला हवा होता. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं आणि आबांनी सगळ्यांना टेम्पोत घालून तिकडे नेलं. म्हणाले, दगडात गाऊन बघा, दगड खोटं बोलत न्हाय. बाहेर वाळलेल्या गाळात बसून मी तंबोरा लावला. हवेतल्या ओलाव्यानं तारा धड राहीनात, मला पाऊण तास लागला. मग तू आत गेलीस आणि षड्ज लावलास. तो आतून जो घुमून आला, तो ऐकून काठावरचे मासे धरणारे जाळी सोडून उभे राहिले. त्यातला एक म्हातारा आबांना म्हणाला, "लेक कुनाची ओ?" आबा म्हणाले, "माजी." तेवढा एक शब्द. मी तिथेच बसले होते, बोटांना खुंट्यांचे वळ घेऊन, आणि मला कुणाची म्हणून कुणी विचारलं नाही.

आता तो दिवस सांगते, जो मी तुला कधी सांगितला नाही.

आबांची एकसष्टी. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आले होते. दुपारचा कार्यक्रम, तू भीमपलास गाणार होतीस. चार दिवस तुला सर्दी होती, आवाज बसलेला, गरम पाणी पिऊन पिऊन तू कंटाळली होतीस. मी पत्र्याच्या खोलीत एकटी तंबोरे लावायला बसले. तुझी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार सूर, काळी चार, सगळ्या विद्यालयाला पाठ. मी लावली तिच्या लगतची पांढरी सहा. अर्धा सूर चढा. ऐकणाऱ्याला एवढं कळत नाही, गाणाऱ्याच्या गळ्याला कळतं, आणि तेही वर गेल्यावर. आबांच्या विद्यालयात पेटीला बंदी, त्यामुळे पकडणारं कुणी नव्हतं. तबलाही तंबोऱ्यावरूनच लागला. माझा हात चुकला नाही, नसीम. मी कान देऊन, चारही तारा नीट जुळवून, मुद्दाम चढा लावला. भर हॉलमध्ये तार पंचमावर तुझा आवाज फुटावा आणि आबांनी एकदा तरी डोळे उघडावेत, एवढंच मला हवं होतं.

तू पुढे बसलीस, मी मागे तंबोरा छेडायला. पहिली तार वाजली आणि तू वळून माझ्याकडे बघितलंस. फार नाही, श्वास घेण्याइतकंच. त्या बघण्यात काय होतं ते शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. मग तू जराशी हसलीस, पुढे वळलीस आणि गायलीस. आवाज बसलेला होता तो त्या चढ्या पट्टीत मोकळा झाला. तार पंचम असा लागला की ट्रॉलीतून आलेली माणसं मांडी बदलायची विसरली. आबा रडले. कार्यक्रमानंतर तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुजी पट्टी हीच हाय. इतके दिस आपुन खालीच बांधत व्हतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शैलाचा कान. तिला आदी कळलं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

त्यानंतर तू जन्मभर पांढरी सहातच गायलीस. पुण्यात गायलीस, सोलापुरात गायलीस, रेडिओवर गायलीस. तुझा आवाज म्हणून जे लोकांना ठाऊक आहे, ते माझ्या पापातून निघालेलं आहे. तुला पाडायला गेले आणि तुला उचलून ठेवलं. हे म्हणे नशीब. मला तर ती थट्टा वाटत आली, आणि थट्टा माझी.

पुढे आबांनी विद्यालय तुला दिलं. विशारद पहिल्या वर्गात मी, तुझा शास्त्राचा पेपर दोनदा राहिलेला. आबांनी सांगितलं, "शैला नोकरीवाली हाय, ती यील-जाईल. नसीम हितंच हाय." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी इंदापूरला गेले, एका सुरात दीडशे मुलींकडून प्रार्थना म्हणवून घ्यायला लागले, आणि तू त्या शेवग्याखाली बसून माणसं घडवलीस. वर्षातून दोनदा, गुरुपौर्णिमेला आणि आबांच्या पुण्यतिथीला, तुझा फोन यायचा. "शैला, तंबोरा तू लावायचा हाय." इतक्या शिष्या असताना. मी ते टोमणा म्हणून घ्यायचे. वाटायचं, हिला कळलंय. ही मला दरवर्षी त्याच खोलीत, त्याच तंबोऱ्यापुढे बसवून शिक्षा देतेय. तरी मी यायचे.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं, गेल्या गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, "आता फोनवर तंबोरा वाजतो, पोरं मशीन लावून रियाज करतात. लावणाऱ्यानं शेवटी गायचा तो नियम आता मोड. किती वर्षं मी रिकाम्या सतरंजीला गाणं ऐकवायचं?"

तू म्हणालीस, "न्हाय मोडायचा."

"का पण?"

"मोडला तर तू कशाला येशील?"

मी फोन ठेवला. आलेही नाही त्या वर्षी, पाठदुखीचं निमित्त सांगितलं. पाठ दुखत नव्हती.

परवा रविवारी मुलींनी तुझ्यासाठी बैठक ठेवली. मी पोचले तर ऋतुजा तंबोरा घेऊन दारातच उभी. "मावशी, तुमीच लावा. तुमी असताना बाईंनी दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाय." त्याच पत्र्याच्या खोलीत बसले. आता तिथे फॅन आहे आणि भिंतीवर मुलींनी वेळापत्रक चिकटवलंय. ऋतुजा जवळ येऊन बसली.

"त्या दिवशी ती तुमच्या पाया पडली ना, ती पहिल्या वर्षाची हाय," ती म्हणाली. "बाई सगळ्या नव्या पोरींना पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगायच्या. एकसष्टीची."

माझा हात खुंटीवरच थांबला. "काय सांगायची?"

"तंबोरा चढा लागलाय हे बाईंना पहिल्या तारेलाच कळलं व्हतं. त्यांनी मागं वळून तुमच्याकडं बघितलं. सांगावं का, असं मनात आलं. मग म्हनाल्या, शैला चुकीचा लावायची न्हाय. सर्दीनं माजाच कान खाली आला आसंल. म्हनून तशाच गायल्या." ऋतुजानं डोळे पुसले. "आमाला सांगायच्या, लावनाऱ्यावर भरवसा ठिवा, गळा मग आपसूक जातो वर."

तीस वर्षं मी त्या एका बघण्याची उलटतपासणी केली, नसीम. कधी त्यात संशय बघितला, कधी कीव, कधी माफी. माफी असती तरी चाललं असतं. तुला माझा डाव कळला असता आणि तू गप्प बसली असतीस, तर आपण दोघी निदान एकाच गुपिताच्या भागीदार झालो असतो. तुला साधा संशयही आला नाही. आपला स्वतःचा कान, जो भोंग्याच्या पहिल्या दिवसापासून खरा होता, तो तू खोटा ठरवलास आणि मला खरं ठरवलंस. देवानं तुला गळा दिला, त्याचा हेवा मी समजू शकते, सगळेच करायचे. पण दुसऱ्यावर इतका भरवसा टाकता येणं, तेही माझ्यासारखीवर, हे तुला कुठून मिळालं होतं? मला ते कधी जमलं नाही. त्या खोलीत बसून मी तुझा जेवढा हेवा केला तेवढा पळसदेवच्या देवळातही केला नव्हता. आणि रडू आलं ते तेव्हा, आठवड्यात पहिल्यांदा.

ऋतुजाला मी तिथे खरं सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय. ऋतुजा पोरी, तू हे वाचशीलच. नव्या मुलींना ती गोष्ट सांगायची थांबवू नकोस, पण इथून पुढे पुरती सांग. मावशीनं तंबोरा मुद्दाम चढा लावला होता, असं स्पष्ट सांग. तुझ्या बाईंचा कान बरोबर होता. आणि तरी शेवटी बाईंचंच म्हणणं सांग, कारण गळा वर गेला तो खराच गेला.

"पट्टी कुठली घ्यायची?" रविवारी तिथे मी एवढंच विचारलं.

"बाईंचीच," ऋतुजा म्हणाली.

मी पांढरी सहा लावली. सगळ्या मुली एकेक करून गायल्या, कुणी त्या पट्टीत पुरली, कुणी अर्ध्यात उतरली. शेवटी माझी पाळी आली, नियमाप्रमाणे. मी सतरंजीवर बसले आणि सवयीनं दाराकडे बघितलं. चपलांचा ढीग तसाच होता. कुणीच उठलं नव्हतं. हाही मान तुझाच, माझा नाही, हे मला कळत होतं. ती सगळी तुझ्या तंबोरेवालीसाठी थांबली होती.

माझा आवाज आता काळी दोनच्या, म्हणजे कितीतरी खालच्या पट्टीच्या, वर जात नाही. तरी मी त्या पट्टीत भीमपलास धरला. मध्य सप्तक कसंबसं निभावलं. वर निघाले, तेव्हाच ठाऊक होतं काय होणार. तार पंचमाला आवाज फुटला. त्या दिवशी तुझा फुटावा म्हणून खुंटी पिळली होती, अगदी तसाच, भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. कुणी हसलं नाही. ऋतुजा माझ्या मागे बसून तंबोरा छेडत राहिली.

मी वळून बघितलं. तंबोरा बरोबर लागला होता.